दत्तक कोणासाठी?

गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे एका बाजारपेठेच्या गावाहून एक पत्र आले आहे. लिहिणारे गृहस्थ धान्याचे आडते असून त्यांच्या लग्नास तेरा वर्षे झाली. औषधोपचार, नवससायास, मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांकडील खेपा हे सर्व करून उभयता थकले, आणि आता मूल दत्तक घ्यावे असा त्यांनी निश्चय केला आहे. इतके झाल्यावर एका प्रसूतिगृहात येणेजाणे असलेल्या कोणा इसमाने त्यांस गाठले व सांगितले की, 'तुमच्याच जातीचे, गोरे, निरोगी, दोन दिवसांचे बाळ मिळवून देतो. खर्चापोटी अमुक लाख द्या. मुद्रांकाच्या कागदावर नोटरीपुढे लिहून घेऊ आणि जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून तुमच्याच कुटुंबाचे नाव लावू. कोणास कळावयाचे नाही.' पत्रलेखकाचा प्रश्न एवढाच आहे की, यात काही प्रत्यवाय आहे काय, आणि असल्यास मूल घरी आणावयाचे तर आरंभ कोठून करावा. पत्र खाजगी आहे, म्हणून नाव-गाव आम्ही छापीत नाही. परंतु प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तो आज आहे व काहींच्या घरी तो दाराआड कुजबुजला जात आहे. सबब त्याचे उत्तर उघडपणे देणे आम्हास प्राप्त आहे.

प्रत्यवाय आहे, आणि तो लहानसहान नाही. त्या इसमाने जे सुचविले त्याला कायदा दत्तक म्हणत नाही, मुलाची खरेदी-विक्री म्हणतो. सन २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ८१ व्या कलमाप्रमाणे मूल विकणारा आणि विकत घेणारा हे दोघेही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीस व एक लाख रुपये दंडास पात्र होतात. रुग्णालयातील अगर प्रसूतिगृहातील ज्या माणसाच्या ताब्यात मूल असते त्याने हे कृत्य केल्यास शिक्षा तीन वर्षांहून कमी असत नाही, आणि ती सात वर्षांपर्यंत जाते. शिवाय जन्माच्या दाखल्यात खोटी आई लिहिणे हा निराळाच गुन्हा. पण शिक्षेची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवू. ज्या मुलासाठी हा सारा खटाटोप, त्याची स्थिती काय होते ते पाहावे. असले मूल कायद्याने कोणाचेच होत नाही. उद्या त्या टोळीतील एक जण पकडला गेला व त्याच्या वहीत आपले नाव निघाले, की पोलीस दाराशी येतात आणि चार वर्षे 'आई' म्हणून हाक मारणारे लेकरू उचलून संस्थेत नेऊन ठेवतात. व्यापाऱ्यास आम्ही व्यवहार काय शिकवावा? जो पावती देत नाही, माल कोठला ते सांगत नाही, आणि 'आजच घ्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येईल' म्हणतो, त्याच्याकडून आमचे हे आडते मित्र एक पोते ज्वारीही घेणार नाहीत. मग मूल कसे घेतात?

येथे एक खुलासा अवश्य आहे, नाहीतर आमच्या म्हणण्याचा विपर्यास होईल. सन १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अद्याप चालू आहे, आणि त्या कायद्याने आईबापांनी आपले मूल दुसऱ्या हिंदू कुटुंबास प्रत्यक्ष दत्तक देणे आजही सशास्त्र आहे. भावाचे मूल भावाने घेतले, बहिणीचे बहिणीने घेतले, असे पुष्कळ होते. परंतु त्यास अटी आहेत. मूल पंधरा वर्षांच्या आतील व अविवाहित असावे, रूढीचा आधार असेल तर गोष्ट वेगळी. घरात मुलगा, नातू किंवा पणतू असताना मुलगा घेता येत नाही. मुलगी घेणारा पुरुष किंवा मुलगा घेणारी स्त्री त्या मुलाहून निदान एकवीस वर्षांनी मोठी असली पाहिजे. मूल खऱ्या अर्थाने देणे आणि घेणे झाले पाहिजे. होम झाला की नाही याला महत्त्व नाही, असे कायद्यानेच सांगून टाकले आहे. आणि सर्वांत मुख्य अट अशी की, देणाऱ्याने कवडी घेऊ नये व घेणाऱ्याने कवडी देऊ नये. देण्याचा अधिकार आईबापांचा. ते नसतील किंवा त्यांनी मूल टाकले असेल तर न्यायालयाच्या परवानगीने पालकाचा. प्रसूतिगृहाच्या दाराशी घोटाळणाऱ्या मध्यस्थाचा तो कोणत्याही कलमाने होत नाही. नोटरीच्या शिक्क्याने तर मुळीच होत नाही. उभय पक्षांनी सह्या केलेले नोंदणीकृत दत्तकपत्र असले तर दत्तक सशास्त्र झाला असे न्यायालय गृहीत धरते. नोटरीच्या कागदास हा मान नाही.

इतकी सोपी गोष्ट आमच्या शिकल्या-सवरल्या लोकांच्या ध्यानात का येत नाही याचा विचार करू लागले म्हणजे असे दिसते की, दत्तक या शब्दाचा जो अर्थ आमच्या हाडीमाशी मुरला आहे तोच मुळी मुलासाठी नव्हता. तो पिंडासाठी होता, वतनासाठी होता, गादीसाठी होता. नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखापासून दत्तकमीमांसेपर्यंत आमच्या शास्त्रकारांनी कोणास घ्यावे, कोणास घेऊ नये, विधवेस अधिकार किती, याचा जो कीस काढला आहे तो थक्क करणारा आहे. परंतु त्या अफाट ऊहापोहात, ज्याला उचलून दुसऱ्याच्या मांडीवर बसवावयाचे त्या पोराला काय वाटेल, हा प्रश्न प्रमुख कधीच झाला नाही. दत्तक नामंजूर झाला म्हणून १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य गेले, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर गेले. या आठवणीने दत्तकाचा हक्क म्हणजे स्वराज्याचा हक्क असे आमच्या मनाने घेतले, आणि त्या काळी ते चूकही नव्हते. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मागे ताई महाराजांनी कोणास दत्तक घेतले व कोणास घ्यावयास हवे होते, या तंट्यात लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाच्या आयुष्याची कित्येक वर्षे गेली. १९०१ साली औरंगाबादेस झालेले दत्तविधान खरे, असा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल मिळावयास १९१५ साल उजाडले. ज्या मुलावरून हे रण माजले त्याचे बालपण कसे गेले असेल, हे कोणी लिहून ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

या जुन्या दत्तकांतून चांगले काहीच निपजले नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळरावास जमनाबाईंनी १८७५ मध्ये मांडीवर घेतले, आणि बडोद्यास सयाजीराव लाभले. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि आम्हास शाहू छत्रपती मिळाले. 'रक्त रक्ताकडे ओढते, परक्याचे पोर ते परक्याचेच' म्हणून जे वृद्ध आजही मान हलवितात, त्यांनी महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासातून ही दोन नावे वजा करून पाहावीत व बाकी काय उरते ते सांगावे. अर्थात ते भाऊबंदांतले व नात्यागोत्यातले दत्तक होते, हे त्यांचे उत्तर आम्हास ठाऊक आहे.

म्हणून तिसरे उदाहरण देतो, आणि आमच्या मते खरे उदाहरण तेच. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असा त्याचा उद्देश होता. पुढे काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तेथे बाळंत झाली. तिचा मुलगा जोतीराव व सावित्रीबाई या निपुत्रिक दांपत्याने १८७४ मध्ये आपला म्हणून घेतला व त्याचे नाव यशवंत ठेवले. जात पाहिली नाही, कूळ विचारले नाही, बापाचा तपास केला नाही. जोतीरावांकडे गादी नव्हती, वतन नव्हते, आणि पिंडदानावर त्यांची श्रद्धा तर नव्हतीच. तेव्हा त्यांनी हे मूल कशासाठी घेतले याचे उत्तर एकच राहते : मुलाला घर नव्हते आणि यांच्या घरात मूल नव्हते. १८९० मध्ये जोतीराव वारले तेव्हा दत्तकाच्या अधिकारास भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः हाती टिटवे धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालावयास कमी केले नाही. हा यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने रोग्यांची शुश्रूषा केली व सावित्रीबाईंनी त्याच कामात देह ठेवला. पंढरपुरास १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम काढला तोही याच वाटेने. म्हणजे कारा नावाच्या सरकारी खात्याने आज जी रीत घालून दिली आहे तिचे बीज परक्या मुलुखातून आलेले नाही. ते पुण्याच्या गंज पेठेत रुजलेले आहे.

आता पत्रलेखकाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आरंभ कोठून करावा? कायदेपंडित म्हणतील, अर्जापासून. आम्ही म्हणतो, घरातल्या बैठकीपासून. नवरा-बायको दोघांचे मन खरोखर झाले आहे काय, की एकाने दुसऱ्याच्या समाधानासाठी होकार दिला आहे, हे आधी एकमेकांस विचारावे. मूल होत नाही याचे खापर आमच्या समाजात स्त्रीच्या माथी फुटते. वैद्यकीय तपासणीत दोष पुरुषाचा निघाला तरी तो कागद कपाटात राहतो व 'वांझ' हा शब्द सुनेला मिळतो. अशा घरात मूल आणले म्हणजे ते स्त्रीच्या 'उणिवे'चा दाखला होऊन वाढते. ते मनातले किल्मिष अगोदर धुतले पाहिजे. नंतर सासू-सासऱ्यांशी, भावांशी, आणि दुकान एकत्र असेल तर भागीदारांशीही उघड बोलावे. मिळकतीच्या वाट्याची भीती बहुधा भावांच्या मनात असते व ती जातीच्या किंवा धर्माच्या भाषेत बोलली जाते. तिला नावानिशी बाहेर काढावे. विधियुक्त दत्तक घेतलेल्या मुलास औरस अपत्याचे सर्व हक्क मिळतात, आणि रीतसर झालेला दत्तक पुढे मोडता येत नाही, हे त्याच बैठकीत सांगून टाकलेले बरे.

यानंतर अर्ज. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, ज्याला लोक कारा म्हणतात, त्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ज्यांस ते जमत नाही त्यांनी जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जावे. तेथे साहाय्य मिळते. नोंदणीनंतर तीस दिवसांच्या आत कागदपत्रे चढवावयाची. उत्पन्नाचा, वयाचा, निवासाचा, विवाहाचा पुरावा आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र, असेच ते कागद असतात. त्यानंतर नेमलेल्या संस्थेचा सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन चौकशी करतो व साठ दिवसांत अहवाल देतो. तो अहवाल तीन वर्षे चालतो. या घरभेटीचे भय आमच्या व्यापारी मंडळींस फार. प्राप्तिकराची धाड पडावी तशी तयारी करतात : भिंतींना रंग देतात, शेजाऱ्यांस पढवितात, आजारी आईस गावी पाठवितात. यातील कशाचीही जरूर नाही. येणारा मनुष्य फर्निचर पाहावयास येत नाही. मूल आजारी पडले तर रात्री कोण जागेल, त्याला त्याच्या जन्माची हकीकत सांगणार की लपविणार, घरातील म्हातारी माणसे काय म्हणतात, कर्ज किती, रागाच्या वेळी हात उगारला जातो काय, हे तो विचारतो. खरे सांगितलेले बरे.

वयाचे नियम आधी पाहून घ्यावेत, कारण आमच्याकडे लोक पंधरा-पंधरा वर्षे उपचारांत घालवून मग या मार्गाला येतात. सन २०२२ च्या नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असल्यास पती-पत्नींच्या वयांची बेरीज पंच्याऐंशीच्या आत असावी लागते. दोन ते चार वर्षांच्या मुलास नव्वद. चार ते आठ वर्षांच्या मुलास शंभर. त्यावरील मुलास एकशे दहा. एकट्या व्यक्तीस हीच मर्यादा अनुक्रमे चाळीस, पंचेचाळीस, पन्नास व पंचावन्न. विवाह होऊन निदान दोन वर्षे झालेली असावीत, आणि मूल व आईबाप यांत पंचवीस वर्षांचे अंतर असावे. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणासही घेऊ शकते. एकट्या पुरुषास मुलगी मिळत नाही. धर्माची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे की, बाल न्यायाच्या कायद्याने कोणत्याही धर्माच्या मनुष्यास मूल दत्तक घेता येते. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांस पूर्वी केवळ पालकत्व मिळे. त्यांस ही वाट आता मोकळी आहे.

मुलगा की मुलगी, वय किती, कोणत्या राज्यातील, प्रकृती कशी, हे अर्जात सांगता येते. जात मागता येत नाही. वर्ण मागता येत नाही. कित्येकांस हाच या पद्धतीचा मोठा दोष वाटतो. आम्हास तो तिचा मोठा गुण वाटतो. पाळी आली म्हणजे मुलाचे छायाचित्र व वैद्यकीय अहवाल दाखविला जातो आणि अठ्ठेचाळीस तासांत होय की नाही ते कळवावे लागते. होय म्हटल्यावर संस्थेत जाऊन मुलास भेटावे, आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जाणत्या मुलाचे म्हणणे विचारात घेतले जाते. पसंती झाली की मूल आधी संगोपनासाठी घरी येते, आणि मागाहून जिल्हाधिकारी दत्तकाचा हुकूम देतात. पूर्वी हे काम न्यायालयाचे होते व तेथे ते महिनोगणती रखडे. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आले असून दोन महिन्यांची मुदत घातली आहे. पुढे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी संस्थेचा मनुष्य विचारपूस करावयास येतो. फी नियमाने ठरलेली आहे, ती संस्थेस द्यावयाची व पावती घ्यावयाची. तिच्यावर एक रुपया कोणी मागितला तर तेथेच जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

हे सारे ऐकून आमचे पत्रलेखक विचारतील की, मग लोक चोरवाटेने का जातात? याचे उत्तर द्यावयाचे तर सरकारासही दोन शब्द सुनावणे भाग आहे. कारण उघड आहे : प्रतीक्षा. सन २०२२ च्या ऑगस्टात संसदेच्या समितीने जो अहवाल सादर केला त्यात असे नमूद आहे की, डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ आईबाप मुलाची वाट पाहात होते. बालगृहांत दत्तकयोग्य समजली जाणारी ६,९९६ मुले होती. आणि त्यांपैकी कायद्याने मोकळी झालेली अवघी २,४३०. पाच वर्षांत प्रतीक्षेचा काळ एका वर्षावरून तीन वर्षांवर गेला. नंतरच्या काळात काही सुधारणा झाली हे आम्ही कबूल करतो. २०२४-२५ या वर्षी ४,५१५ दत्तके झाली व त्यांतील ४,१५५ देशातल्या देशात झाली. तथापि एवढ्या मोठ्या देशात, जेथे रेल्वे स्थानकावर, देवळाच्या पायरीवर, उकिरड्यावर मुले सापडल्याच्या बातम्या आम्ही स्वतः वरचेवर छापतो, तेथे वर्षाला साडेचार हजार घरांत मूल जावे हा आकडा अभिमान बाळगण्याजोगा नाही.

सहा हजार नऊशे शहाण्णव आणि दोन हजार चारशे तीस या दोन आकड्यांमधले अंतर ज्याने नीट पाहिले त्याला आजार कोठे आहे ते कळेल. सापडलेले मूल चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे यावे; दोन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या आईबापांचा शोध घेऊन दोन महिन्यांत व त्याहून मोठ्याचा चार महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात समितीची जागा रिकामी असते, पोलिसांचा अहवाल येत नाही, कारकून रजेवर असतो, आणि मूल पाळण्यातून रांगावयास व रांगण्यातून चालावयास लागते. दुसरा प्रकार याहून वाईट. आईबाप कागदोपत्री आहेत, वर्षानुवर्षे तोंड दाखवीत नाहीत, पण मूल सोडूनही देत नाहीत. आणि त्या न येणाऱ्या माणसांच्या नावावर मुलाचे सगळे बालपण बालगृहाच्या लोखंडी खाटेवर जाते. तान्ह्या मुलासाठी पन्नास घरे रांगेत उभी असतात. तेच मूल आठ वर्षांचे झाले म्हणजे रांगेत एकही उरत नाही. सरकारी कचेरीतील एका फायलीचा सहा महिन्यांचा मुक्काम एका मुलाला आईबापांवाचून ठेवतो, ही गोष्ट ज्या अधिकाऱ्याच्या मेजावर ती फाईल आहे त्याला कोणी तरी सांगितली पाहिजे. आमच्या जिल्ह्यातील समितीच्या किती जागा भरल्या आहेत व किती मुलांची प्रकरणे मुदतीबाहेर पडली आहेत, हे नगरातील वकील मंडळींनी माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. उत्तर आले की ते जसेच्या तसे आम्ही छापू.

प्रतीक्षा टाळण्याचा एक प्रामाणिक मार्गही आहे, परंतु तो फार थोड्यांस रुचतो. जी मुले मोठी आहेत, जी भावंडे एकत्रच जाऊ इच्छितात, ज्यांच्या ओठास, हृदयास किंवा पायास काही व्यंग आहे, ती वाट पाहात बसलेली आहेत. त्यांच्यासाठी रांग नाही. ज्यांना अगोदर दोन अपत्ये आहेत त्यांस नियमाप्रमाणे अशीच मुले घेता येतात. आम्ही कोणास भरीस घालीत नाही. व्यंग असलेले मूल दयेच्या उमाळ्यात घेऊन वर्षाने परत आणून सोडणे हे न घेण्यापेक्षा क्रूर आहे. परंतु ज्यांच्या वयांची बेरीज नव्वदीपुढे गेली आहे व ज्यांच्या पदरी थोडा पैसा व पुष्कळ वेळ आहे, अशा जोडप्यांनी सहा वर्षांच्या मुलीस निदान एकदा भेटून यावे. फाटलेला ओठ शस्त्रक्रियेने शिवता येतो, हे आता खेड्यातील माणसासही ठाऊक आहे.

गुप्ततेविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. 'कोणास कळावयाचे नाही' हे त्या दलालाचे सर्वांत मोठे आमिष होते, कारण आमच्या लोकांची सर्वांत मोठी इच्छा तीच असते. सून सहा महिने माहेरी राहते, पोटाला उशी बांधल्याच्या गोष्टीही आम्ही ऐकल्या आहेत, आणि मग बाळ घेऊन ती परत येते. पुढे मुंजीत किंवा लग्नात, नाहीतर मिळकतीच्या भांडणात, एखादी चुलती दोन शब्द बोलते आणि वीस वर्षांच्या मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. त्याला दुःख दत्तक असल्याचे होत नाही, फसविले गेल्याचे होते. मूल तीन-चार वर्षांचे असतानाच गोष्टीच्या रूपाने त्याला सांगावे. यशोदेची गोष्ट ज्या देशात प्रत्येक घरात सांगितली जाते त्या देशात हे अवघड पडू नये. अठरा वर्षांनंतर आपल्या मूळाचा शोध घेण्याचा अधिकार नियमांनीच त्याला दिलेला आहे. तो शोध त्याने तुमच्या पाठीमागे न घेता तुमच्यासह घ्यावा, हे पाहणे तुमच्या हाती आहे.

आणि ज्या बाईने जन्म दिला तिचे काय? आमचे पत्रलेखक तिच्याविषयी एक अक्षरही लिहीत नाहीत. त्या इसमाने तिचा उल्लेखही केलेला दिसत नाही. जे मूल लाखांत विकले जात होते त्याच्या आईच्या हाती त्यातील काय पडणार होते? बहुधा घरी जाण्यापुरते गाडीभाडे आणि तोंड बंद ठेवण्याची धमकी. तिला जर कोणी सांगितले असते की, मूल वाढविणे अशक्य असेल तर बाल कल्याण समितीपुढे ते सोपविता येते; साठ दिवसांत मन बदलले तर परत घेता येते; तिचे नाव बाहेर फुटत नाही; आणि दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा टांगलेला असतो, त्यात मूल ठेवून निघून जाणाऱ्या बाईस कोणी हटकत नाही; तर ती दलालाच्या हाती गेली नसती. पुण्यास ससून रुग्णालयाच्या आवारात 'श्रीवत्स' नावाची संस्था कित्येक वर्षे हे काम करीत आली आहे. १०९८ हा मुलांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो आमच्या नगरातील प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर, बायकांना वाचता येईल अशा ठिकाणी व मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, अशी सूचना नगरपालिकेच्या आरोग्य समितीस आम्ही करतो. रंगाचा खर्च व्यापारी मंडळाने सोसावा. गणेशोत्सवाच्या कमानीस जे लागते त्याच्या शतांशातही हे काम होईल.

पत्रलेखकास आम्ही निराळे उत्तर पाठविले आहे. त्यात जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाचा पत्ता व लागणाऱ्या कागदांची यादी दिली आहे, आणि त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या वयांची बेरीज करून दाखविली आहे. ती एक्क्याऐंशी भरते. ही बेरीज दर वर्षी दोनांनी वाढते, व प्रतीक्षा तर वर्षांनी मोजावी लागते. तेव्हा तान्हे मूल हवे असेल तर त्यांनी हा महिना दवडू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलास ते तयार असतील तर त्यांच्यापाशी आणखी अवकाश आहे, व आमची शिफारस त्याचीच आहे. त्या इसमाचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्यांनी आम्हास कळविला होता. तो आम्ही त्यांनाच परत धाडला असून, बाल कल्याण समितीच्या अध्यक्षांस लिहावयाच्या अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यावर सही त्यांनी करावयाची आहे.